झाकण उघडू नका

मराठी घरात अन्न शिजलं की नाही हे कानाने ठरतं. वरणभाताला तीन शिट्ट्या, हरभऱ्याला पाच, राजम्याला पाच आणि वर दोन 'असू द्याव्यात म्हणून'. आंघोळीला जाताना बायको नवऱ्याला "चार झाल्या की बंद करा" असं सांगून जाते, नवरा पेपरातून मान वर न करता "हो" म्हणतो, आणि तिसरी शिट्टी आपली होती की समोरच्यांची हा प्रश्न त्याला गॅसपाशी उभं राहिल्यावर पडतो. नगरच्या सावेडीतल्या अपार्टमेंटांमध्ये एका घरची डाळ कच्ची आणि समोरच्या घरची लगदा का होते, याचं दुसरं काही कारण मला तरी दिसत नाही.

अशा समाजात आठ तास तोंडातून अवाक्षर न काढणारं भांडं आणून ठेवणं हे धाडसाचं काम होतं. ते माझ्या भाच्याने केलं. तो न्यू जर्सीत असतो. तिकडे मोठी सुट्टी आली की ही मंडळी मोटरहोम भाड्याने घेतात. मोटरहोम म्हणजे बिछाना, बेसिन, फ्रिज आणि संडास यांच्यासकट चालणारी गाडी. सकाळी निघताना स्लो कुकरमध्ये कडधान्य नाहीतर कोंबडी, मसाला आणि पाणी घालायचं, बटण दाबायचं, दिवसभर गाडी हाकायची आणि संध्याकाळी तळ्याकाठी खुर्च्या मांडून जेवायचं. यालाच तो स्वातंत्र्य म्हणतो. त्याने हे सगळं व्हिडिओसकट दाखवल्यावर माझी आई म्हणाली, "गाडीत घर न्यायचं आणि त्या घरात पुन्हा आमटीच करायची, तर घरी काय वाईट होतं?" या प्रश्नाला आजपर्यंत कुणी उत्तर दिलेलं नाही.

तरी गाडी ठरली. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हा ते कुणासाठी काढलं असेल असा मला प्रश्न पडला होता. ते माझ्या भाच्यासाठी होतं हे कळलं. पुण्याहून भाड्याची कॅराव्हॅन आली. बाहेरून टेम्पो ट्रॅव्हलर, आतून वन रूम किचन. आईने आत पाऊल टाकलं, ओट्याला टेकून उभी राहिली आणि समोरचं दार उघडून पाहिलं. तो संडास होता. तिने दार लावलं आणि पुढच्या प्रवासात त्या दाराकडे पाठ करूनच बसली.

बेत असा होता की नगरहून शनिशिंगणापूर, तिथून राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले करत मुक्कामाला भंडारदरा. म्हणजे एकाच जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण आकार तेवढाच राहिला. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सगळ्यात मोठा जिल्हा. एका टोकाला पावसाची वाट बघणारं जामखेड, दुसऱ्या टोकाला पावसाला कंटाळलेलं अकोले. एक भांडं मंद आचेवर शिजून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा हा जिल्हा ओलांडायला सहज लागतो, आणि मध्ये ऊस हंगाम चालू असेल तर दोन भांडी होतात.

आता भांड्याविषयी. भाच्याने ते अमेरिकेहून बॅगेत आणलं होतं. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. आपल्या विजेवर ते थेट लावलं तर उष्णता दुपटीने नाही, जवळजवळ पावणेचार पटीने वाढते, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. म्हणजे दोनशे वॅटचा स्लो कुकर सातशेहून जास्त वॅटचा होतो, आणि मग काही वेळाने तो कुकर राहत नाही. हे टाळायला विटेच्या वजनाचा एक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. तो विकणाऱ्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पण थेट लावलं तर लवकर होईल ना?" भाचा म्हणाला, "लवकर व्हायला नकोच आहे." त्यावर त्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात सहानुभूती होती.

आत काय शिजवायचं यावर आदल्या रात्री सभा झाली. मटण हा माझ्या धाकट्या भावाचा प्रस्ताव. वाटेत शिंगणापूर आहे, म्हणून तो दोन सेकंदांत फेटाळला गेला. हुलग्याचे शेंगोळे हा बायकोचा प्रस्ताव. तो भाच्यानेच नाकारला, कारण शेंगोळ्यांना खळखळ आधण लागतं, मंद आचेवर ते विरघळून त्यांचं माडगं होईल. शेवटी राजमा ठरला. योगायोग असा की हे भांडं मुळात कडधान्यासाठीच जन्माला आलेलं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सनने १९४० साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातली गोष्ट सांगितली होती. शनिवारी ज्यूंना विस्तव पेटवायचा नसतो, म्हणून त्याची आजी शुक्रवारी संध्याकाळी घेवडा, बटाटे, मांस असं भरलेलं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवी आणि भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजे. नॅक्सनने आपल्या भांड्याचं नावच घेवड्यावरून ठेवलं होतं. पुढे १९७० साली त्याचा धंदा दुसऱ्या कंपनीने घेतला, १९७१ ला ते भांडं क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून निघालेलं भांडं शनिवारच्या देवाच्या गावाला निघालं होतं, हे माझ्या लक्षात आलं. पण सांगायला गेलो तर आईने विचारलं असतं की त्यांना पण साडेसाती असते का, म्हणून गप्प बसलो.

भाच्याने एक सावधगिरीची सूचना केली. राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकायचा नसतो. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते मंद आचेवर मरत नाही. रात्रभर भिजवल्याचं पाणी फेकून, ताज्या पाण्यात चांगली खळखळ उकळी द्यावी लागते, मग तो भांड्यात घालायचा. ही सूचना त्याने आईला केली. आईने "बरं" म्हटलं. पहाटे मी पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता आणि गॅसवरचा प्रेशर कुकर पाचवी शिट्टी देत होता. आईने मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि सहावीची वाट पाहू लागली.

म्हणजे या प्रवासात शिजण्यासाठी निघालेला राजमा नगर सोडण्यापूर्वीच शिजलेला होता. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. वाचकांनी पुढचा सगळा मजकूर हे ध्यानात ठेवून वाचावा.

स्लो कुकर बेसिनमध्ये ठेवला होता. मोटरहोमवाल्यांची ही जुनी रीत, तिथून तो घरंगळत नाही. भोवती टॉवेल कोंबले. झाकणाला रबर. बेसिन भरल्यामुळे हात धुवायला जागा उरली नाही, म्हणून हात खिडकीबाहेर धुवायचे ठरलं. विजेचा प्रश्न धाकट्याने हाती घेतला. तो पतसंस्थेत हिशेबनीस आहे. दोनशे वॅट गुणिले आठ तास म्हणजे १.६ युनिट. गाडीतली बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे १.२ युनिट, आणि शिशाची असल्याने त्यातलंही निम्मंच काढावं. "तारण अपुरं आहे," तो म्हणाला. तेव्हा उपाय एकच, इंजिन चालू ठेवायचं. गाडी थांबली की राजमा थांबला. या हिशेबाने चहाला थांबणंही स्वयंपाकात व्यत्यय ठरलं, आणि ड्रायव्हरदादांनी पहिल्या तासातच मान मागे वळवून विचारलं, "साहेब, आपण फिरायला चाललोय की शिजवायला?"

घोडेगावला मात्र थांबावं लागलं. कांद्याच्या बाजाराचा दिवस असावा, रस्ता गोण्यांनी भरलेला. गाडीभोवती माणसं जमली. नगरकडच्या गावात पडदे लावलेली मोठी पांढरी गाडी दोनतीन कारणांनीच येते: रक्तदान, डोळे तपासणी किंवा प्रचार. निवडणूक नव्हती. एक म्हातारबाबा काठी टेकत पायरी चढून आत आले, बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भाच्यापुढे एक डोळा ताणून धरला.

"यात पडदा आलाय बघा. ह्यो चांगलाय."

भाचा संगणकवाला. तो म्हणाला, "बाबा, आम्ही फिरायला आलोय."

"आम्हीबी फिरतोच की, तालुक्याला तीन चकरा झाल्या." मग बाबांनी नाक वर केलं. "वास आमटीचा येतोय. डागदर जेवायचं हाय व्हय आजून? जेवू द्या, जेवू द्या. बसतो मी."

आईने त्यांना चहा दिला, डोळ्यांचं शिबिर कुठे असतं याची बायकोने चौकशी करून सांगितली, आणि जाताना बाबांनी बेसिनपाशी थांबून झाकण उचललं. "पाणी कमी हाय," असं निदान करून ते उतरले.

भाच्याचा चेहरा पडला. कारण स्लो कुकरच्या माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत एकच वाक्य आहे: झाकण उघडू नका. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि पुन्हा तेवढी धग जमायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्या यंत्राची सगळी विद्या एवढीच, की त्याच्याकडे कुणी बघू नये. आणि आपल्याकडे शिजतं भांडं दिसलं की झाकण उचलणं हा शिष्टाचार आहे. पाहुणा स्वयंपाकघरात डोकावतो, झाकण उचलतो, "अरे वा" म्हणतो. सासू झाकण उचलते आणि काही म्हणत नाही. मुलं उचलतात ती आज पुन्हा दोडकाच आहे का हे बघायला. ज्या घरात दिवसभर कुणीच झाकण उचलत नाही त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं. आणि इथे तर घराची लांबी पंधरा फूट, भांडं मधोमध, बाहेर बघण्यासारखं उसाशिवाय काही नाही. धाकट्याने चव घ्यायला उघडलं. बायकोने मीठ टाकायला उघडलं. धाकट्याने मीठ पडलं का ते बघायला उघडलं. मी उघडलं, कारण सगळ्यांनी उघडलं होतं. राहुरी कृषी विद्यापीठाच्या फाटकासमोरून जाताना धाकट्याने वीस मिनिटांच्या दराने सगळा हिशेब मांडला आणि जाहीर केलं की राजमा आता आदल्या रात्री भिजत घातला होता त्याच्याही मागे गेला आहे.

"तरी मऊ कसा लागतोय?" त्याने विचारलं.

"मंद आच," आई म्हणाली. "त्याचं असंच असतं."

राहुरीच्या आधीच्या शिंगणापूरचं सांगायचं राहिलं. तिथे घरांना दारं नसतात, चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात अशी श्रद्धा. युको बँकेने २०११ साली तिथे शाखा काढली तेव्हाही कुलपाशिवायची बँक म्हणून देशभर गाजावाजा झाला होता. आमची गाडी वाहनतळावर लागली, सगळे उतरले आणि भाच्याने सवयीने किल्लीचं बटण दाबलं. गाडी दोनदा मोठ्याने ओरडली, दिवे लावले, विझवले. आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. आई म्हणाली, "उघड बाबा. आमटी नेऊन कोण शनी मागे लावून घेईल?" दर्शन होऊन परत आलो तर इंजिन बंद असल्यामुळे इन्व्हर्टर केविलवाणा टीं टीं करत होता. आईने गाडीच्या पायरीवरूनच मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन..." आणि समाधानाने आत आली. सबंध दिवसात त्या यंत्राने काढलेला तेवढाच ओळखीचा आवाज.

राहुरी सोडल्यावर कोल्हारच्या अलीकडे आम्ही अडकलो. जिथे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्या मुलखात डिसेंबरात रस्ता गाड्यांचा नसतो, उसाचा असतो. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठी की मागून हॉर्न वाजवणं म्हणजे ठेका धरणं. तो ओलांडला तर पुढे टायरगाड्यांची रांग. उसाने दुमजली भरलेली बैलगाडी, वर मोळ्यांवर नवराबायको बसलेले. आमची गाडी एका टायरगाडीच्या शेजारी आली आणि तिथेच राहिली. दोघांचाही वेग बैलांचा.

वर बसलेल्या बाईने फडकं सोडलं होतं. बाजरीची भाकरी, त्यावर लाल चटणी, एक कांदा. भाकरी मधोमध मोडून अर्धी तिने पुढे नवऱ्याला दिली. ती भाकरी पहाटे तीन-चारला उठून थापलेली असते. एकदा फडात शिरल्यावर चूल पेटवायला वेळ नसतो, आणि कोयत्यावर आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगामभर हेच. हंगामाच्या सुरुवातीला हीच माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, शेळी, कोंबड्या, पोरं आणि पाचटाच्या कोपीचे बांबू घालून गाव सोडतात. चाकांवरचं घर या जिल्ह्याला सरकारी धोरणाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. त्याचं भाडं मात्र उलट्या दिशेने फिटतं.

आईने खिडकी सरकवली. "कुठल्या तुम्ही?"

"पाथर्डीकडच्या. तुमची गाडी कशाची वं?"

"नातवाची हौस." मग आईने बेसिनकडे जाऊन रीतसर झाकण उघडलं, स्टीलच्या वाटीत राजमा भरला आणि खिडकीतून हात वर केला. वरून तिचा हात खाली आला. चालत्या घरातून चालत्या उसावर आमटी गेली, बैलांनी मान हलवली. तिने भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. नवऱ्याला दिला. विचार केला.

"शिजलंय चांगलं," ती म्हणाली. "मीठ कमी हाय."

दिवसभरात त्या भांड्यातून इतक्या जणांनी चव घेतली होती, खरं बोललेली ही पहिली. वाटी परत आली ती धुतल्यासारखी स्वच्छ, सोबत उसाची दोन कांडी. भाचा ती पुढे संगमनेरपर्यंत सोलत होता.

मग पुढचा रस्ता मोकळा झाला आणि माझं डोकं चालू लागलं. भाचा ज्याला नवं म्हणत होता ते आमच्या आजीच्या चुलीत होतं. चुलीला लागून एक वैल असायचा. पुढे जाळ, त्यावर भाकरी. मागे वैलाच्या तोंडाशी उरलेली धग, तिच्यावर कालवणाचं मडकं. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही, कारण बघायला वेळच नसायचा. वैलाला बटण नव्हतं आणि वॅटही नव्हते, लाकडं चुलीची, वैल फुकट. धाकट्याला हे फार पटलं. तो त्याला 'आनुषंगिक उत्पन्न' म्हणाला.

प्रवासात शिजवण्याची यंत्रंही आपल्या देशात होतीच. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. उंच डबा, तळाला कोळशाची शेगडी, वर पाणी आणि त्यात एकावर एक डबे. निखारे घालून सोडून द्यायचं, दोनतीन तासांनी भात, डाळ, भाजी तयार. बंगाली बाबू तो घेऊन प्रवासाला निघत. मराठी माणूस एवढ्या भानगडीत पडला नाही. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे मार्गावर धावली, तेव्हापासून नगरी प्रवासी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी यांच्या बळावर चालला आहे. सुप्याला एसटी थांबली की बाकीचे वड्याकडे धावतात आणि एक कुटुंब जागेवरच बसून मांडीवर पेपर पसरतं. डब्याचं झाकण उघडल्यावर सगळ्या बसला कळतं की कुणाकडे काय आहे. त्यात पुन्हा लपवालपवी नाही.

नगरमधलं सगळ्यात पक्कं चाकांवरचं स्वयंपाकघर लष्कराच्या रणगाडा संग्रहालयात आहे, असं म्हणायला हरकत नाही. १९९४ साली उघडलेल्या त्या आवारात सेंच्युरियन रणगाडा उभा आहे. ब्रिटिशांनी या रणगाड्यापासून आत पाणी उकळायचं विजेचं भांडं बसवायला सुरुवात केली, कारण दुसऱ्या महायुद्धात त्यांचे जवान चहासाठी बाहेर उतरत आणि गोळी खात. पुढे रणगाड्यातलं डबाबंद अन्नही त्याच भांड्यात गरम होऊ लागलं. म्हणजे जगातली सगळ्यात महाग मोटरहोम चहासाठी सुधारली गेली. संडास मात्र त्यात ठेवलेला नाही, हे आईला सांगितल्यावर तिला ब्रिटिशांबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पण मोठ्या प्रवासाची खरी युक्ती वेगळी आहे, आणि ती बादशहाला आणि वारकऱ्याला सारखीच सुचली. औरंगजेब आयुष्याची शेवटची पंचवीस-सव्वीस वर्षं दख्खनेत बहुतेक तंबूत राहिला आणि १७०७ साली नगरशेजारच्या भिंगारच्या छावणीत गेला. मोगली छावण्यांचं फ्रेंच प्रवासी बर्निएने केलेलं वर्णन असं, की तंबूंचे दोन संच असत. एक वापरात, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही, भटारखान्यासकट. बादशहा पोचे तेव्हा पुढचं सगळं मांडलेलं असे. आषाढीच्या आधी निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नगर, मिरजगाव अशी करमाळ्याकडे जाते तेव्हा काय होतं? माणसं पायी आणि स्वयंपाक ट्रकने. दिंडीचा ट्रक पहाटेच पुढे जातो. फळ्या टाकून केलेले दोन मजले, वर अंथरुणं आणि पिशव्या, खाली सिलेंडर, पातेली, पिठाची पोती. पुढच्या मुक्कामाला आचारी पातेलं चढवतात, आणि टाळ वाजवत दिंडी पोचते तेव्हा आमटी तिची वाट बघत असते. ती मंद आचेवर ठेवलेली असते, कारण दिंडी कधी पोचणार हे पांडुरंगालाच ठाऊक.

मोटरहोममध्ये बरोबर याचा उलटा प्रकार. माणसंही गाडीत, स्वयंपाकही गाडीत, दोघंही एकदमच पोचणार. पुढे जाणारं कुणी नाही. म्हणून भाच्याने स्वयंपाक वेळेत पुढे पाठवला. सकाळी बटण दाबलं म्हणजे संध्याकाळ आधीच कामाला लागली. ट्रक रस्त्याने पुढे जातो, उसावरची बाई पहाटेत पुढे जाते आणि आई तर सगळ्यांच्याच आधी जाऊन सहा शिट्ट्या करून बसली होती. हे मी भाच्याला समजावून सांगणार होतो, पण मग शिट्ट्यांचं सांगावं लागलं असतं.

अकोल्याकडे वळल्यावर हवा बदलली. राजूर ओलांडलं, डावीउजवीकडे डोंगर आले, कळसूबाई दिसू लागली. भाचा म्हणाला, त्या शिखरावर, १६४६ मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळेल, तिथे राजमा शिजायला आणखी वेळ लागेल. धाकट्याने ताबडतोब विचारलं, "मग आत्ता इथे किती जास्त धरायचा?" दोघं मोबाईल घेऊन बसले. त्यांनी नगरची उंची, भंडारदऱ्याची उंची, झाकणाचे व्यत्यय, शिंगणापूरला बॅटरीवर काढलेला काळ, टायरगाडीमागचा काळ असं सगळं जमेला धरून उत्तर काढलं की राजमा रात्री सव्वाअकराला तयार होईल. आई खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मी इतकी शांतता पंढरपुरातही पाहिली नव्हती.

साडेसातला, भंडारदऱ्याला विल्सन धरणाच्या जलाशयाजवळ शेंडीत गाडी लागल्यावर, ती म्हणाली, "वाढू का?"

"आजी, सव्वाअकरा!"

"बघू तरी."

राजमा लोण्यासारखा मऊ होता. भाच्याने एक दाणा दोन बोटांत दाबला, मग दुसरा, मग धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने आकडे पुन्हा तपासले. हिशेबात चूक नव्हती. तेव्हा दोघांचं एकमत झालं की अमेरिकन कंपन्या वेळ वाढवून सांगतात, भारतात हे यंत्र जास्त चांगलं चालतं, आणि भाचा परत गेल्यावर यावर तिकडच्या मित्रांना सविस्तर लिहिणार आहे. बहुतेक लिहिलंही असेल. न्यू जर्सीत आता काही मराठी घरांत राजमा वेळेआधी काढून बघत असतील, त्यांची मला काळजी वाटते.

पण खरी अडचण अजून पुढेच होती: भाकरी. जगातला कुठलाही स्लो कुकर भाकरी करत नाही. भाकरीला तापलेला तवा लागतो, जाळ लागतो, थापणारा हात लागतो, आणि गाडीतल्या इंडक्शनवर बायकोने तवा ठेवताच ते 'हे भांडं मला ओळखू येत नाही' अशा अर्थाचा शब्द दाखवून बंद पडलं. ब्रेडबरोबर राजमा खायची भाच्याची सूचना कुणी ऐकलीच नाही असं दाखवलं. शेवटी शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये चूल पेटलेली दिसली, तिकडे धाकटा आणि मी गेलो. तिथल्या मावशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. या भागात बाजरीपेक्षा तांदूळ आणि नागली. आणि याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी वाल-घेवड्याची गावठी वाणं जपली म्हणून त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. मावशींना 'राजमा' म्हटल्यावर त्या हसल्या. "घेवडाच की. आणा इकडं, वैलावर ठिवा, निवल न्हाईतर."

म्हणून नगरहून दिवसभर चाकांवर आलेलं ते अमेरिकन भांडं चुलीशेजारी आलं. मातीचं आतलं भांडं काढून मावशींनी वैलावर ठेवायला घेतलं. भाचा "ते थेट आचेवर चालत नाही!" म्हणून ओरडला, मग त्यांनी राजमा आपल्या पातेल्यात ओतून घेतला, वर लसणाची फोडणी दिली, मीठ टाकलं, आणि आम्ही पत्र्याखाली बाकावर बसून गरम भाकरीशी जेवलो. कॅराव्हॅन पन्नास पावलांवर उभी होती. तिच्यात जेवायला टेबल होतं, वर पिवळा दिवा होता. कुणीच गेलं नाही.

जेवण झाल्यावर मावशींनी ते भांडं उलटंसुलटं करून पाहिलं, तळाला हात लावला.

"ह्ये रातभर चालू ऱ्हातं?"

"हो," भाचा उत्साहाने म्हणाला. "काही बघावं लागत नाही. आपण झोपायचं."

"मंग पाणी भरून ठिवा ना त्यात. पहाटं लय गार असतं हिथं. म्हातारीला तोंड धुवायला होईल."

त्या रात्री शेडमधल्या प्लगवर ट्रान्सफॉर्मर लावून स्लो कुकर चालू राहिला. सकाळी आईने त्यातून पहिला तांब्या घेतला आणि "हे मात्र चांगलं आहे रे," असं म्हणाली. भाच्याला वाटलं ती राजम्याबद्दल बोलतेय. धाकट्याने वही काढून मावशींना विजेचे १.६ युनिट कोणत्या दराने द्यायचे ते विचारलं. मावशी म्हणाल्या, "भाकरीत धरलंय."